देह कुणाचा, सही कुणाची?

सिनेमातले भविष्य फार लवकर शिळे होते. १९९४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ‘डबल ड्रॅगन’ नावाचा एक चित्रपट प्रदर्शित झाला. मुलांसाठी काढलेला, कराटे-कुंग फूच्या मारामारीने भरलेला आणि ‘पुढे काय होणार’ याची भीती व गंमत दोन्ही दाखवणारा. त्यातले ‘पुढे’ म्हणजे २००७ साल. प्रचंड भूकंपाने लॉस एंजेलिस शहर उद्ध्वस्त झाले आहे, त्याच्या अवशेषांवर ‘न्यू एंजेलिस’ उभे आहे, आणि रात्र पडली की रस्ते गुंडांच्या टोळ्यांच्या ताब्यात जातात, अशी कल्पना. त्याच वर्षी १७ जानेवारीला लॉस एंजेलिसला नॉर्थरिजचा खराखुरा भूकंप बसला होता, तेव्हा प्रेक्षकांना ही कल्पना अगदीच हवेतली वाटली नसणार.

ते २००७ साल प्रत्यक्ष उजाडले आणि सरलेही. न्यू एंजेलिस काही उभे राहिले नाही. मात्र योगायोग असा की, नेमक्या त्याच वर्षी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी ‘मुले आणि प्रसारमाध्यमे’ हा विषय निवडला. २० मे २००७ च्या रविवारी तो दिन पाळला गेला. करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या चित्रपटांचा आणि व्हिडिओ गेम्सचा त्यात नाव घेऊन निषेध आहे. परंतु त्याच संदेशात पोप महोदय असेही सुचवतात की, मुलांना नुसते वाईटापासून दूर ठेवून भागत नाही. चांगले काय, सुंदर काय, हे निवडण्याची दृष्टी त्यांना द्यावी लागते. हा दुसरा भाग आपण बहुधा विसरतो. पडदा बंद करणे सोपे असते. पडद्यावर जे दिसले त्याविषयी मुलाशी बोलणे कठीण.

म्हणून आज त्या जुन्या, पडलेल्या चित्रपटाविषयी थोडे बोलावेसे वाटते. पडलेला म्हणजे खरोखरच पडलेला: तिकीटबारीवर चालला नाही, समीक्षकांनी झोडपला. कलाकृती म्हणून त्याची भलामण करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण सुमार गोष्टीतसुद्धा कधी कधी असा एखादा प्रश्न अडकून राहतो, जो चांगल्या गोष्टीत इतक्या उघडपणे दिसत नाही.

कथा थोडक्यात सांगतो. बिली आणि जिमी ली हे दोघे अनाथ भाऊ. सातोरी नावाच्या बाईने त्यांना वाढवले आहे. तिच्याकडे एका प्राचीन चिनी पदकाचा अर्धा तुकडा आहे. दुसरा अर्धा कोगा शुको या धनाढ्य गुन्हेगाराच्या हाती लागला आहे. एका अर्ध्यात देहाची शक्ती, दुसऱ्यात आत्म्याची. दोन्ही जुळले की ते धारण करणारा अजिंक्य. शुकोला दुसऱ्याच्या शरीरात शिरून त्याला हवे तसे नाचवण्याची शक्ती मिळालेली आहे, आणि आता त्याला उरलेला तुकडाही हवा आहे. मुलांना वाचवताना सातोरी प्राणाला मुकते. दोघे भाऊ पळतात, मॅरियन नावाच्या धीट मुलीच्या ‘पॉवर कोअर’ या मुलामुलींच्या दलात सामील होतात, आणि शेवटी अर्थातच सत्याचा विजय होतो.

या कथेत मला सर्वांत खटकणारी गोष्ट मारामारीची नाही. तिथल्या पोलिसांनी टोळ्यांशी तह केला आहे, ती गोष्ट खटकते. दिवस आमचा, रात्र तुमची! मॅरियनचे वडील स्वतः पोलिसप्रमुख आहेत. मोठ्या माणसांनी सोयीसाठी अर्धा वेळ वाईटाला भाड्याने दिला आहे, आणि मग त्या रात्रीत उतरून लढण्याची वेळ त्यांच्याच लेकरांवर आली आहे. लहान मुलांच्या सिनेमात हे विनोदाने दाखवले असले तरी मोठ्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. ‘घरात हे चालायचे नाही, बाहेर काय करायचे ते कर’ असे जे आपण कधी कधी तरुण मुलांना म्हणतो, तो याच जातीचा तह आहे. असो. आजचा मुद्दा वेगळा आहे.

आता या चित्रपटाचे मूळ पाहू. मूळ आहे एक जपानी व्हिडिओ गेम. योशिहिसा किशिमोतो यांनी तो रचला आणि टेक्नोस जपान या कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणला. नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरचा हा खेळ. भावांचे ‘ली’ हे आडनाव ब्रूस ली यांच्यावरून आलेले. त्याचा विशेष असा की, दोन मुले शेजारी शेजारी उभी राहून एकाच बाजूने खेळू शकत. एकाच्या हातात बिली, दुसऱ्याच्या हातात जिमी. सुरुवातीलाच गुंड येतात, मॅरियनच्या पोटात ठोसा मारतात आणि तिला खांद्यावर टाकून पळवून नेतात. मग दोघे भाऊ गल्लीबोळ, कारखाना, जंगल असे पार करत, एकमेकांना सांभाळत, शेवटच्या खलनायकापर्यंत पोहोचतात. तो मशीनगन घेऊन उभा असतो. दोघे मिळून त्याला पाडतात.

आणि मग खेळ थांबत नाही. दोघेही जिवंत उरले असतील तर यंत्र त्यांना एकमेकांसमोर उभे करते. आता भावाने भावाशी लढायचे. जो उरेल, त्याला मॅरियन मिळेल!

ज्यांनी हा खेळ त्या काळी खेळला, त्यांना हा धक्का आठवत असेल. कॅरम किंवा बुद्धिबळ खेळतानाही भाऊ भावाला हरवतोच, त्यात गैर काही नाही, असे कोणी म्हणेल. पण तिथे पहिल्या चालीपासून ठाऊक असते की समोरचा आपला प्रतिस्पर्धी आहे. इथे मात्र सगळा वेळ ज्याची पाठ राखली, ज्याच्यासाठी स्वतः मार खाल्ला, त्याच्यावर शेवटच्या क्षणी हात उगारायचा असतो. नियम मध्येच बदलतो. नीट पाहिले तर पूर्ण बदलतही नाही, कारण खेळाच्या सुरुवातीपासूनच एकाचा ठोसा चुकून दुसऱ्याला लागू शकत होता. शक्यता आधीपासून हातात होती. शेवटी फक्त तिला बक्षीस लावले गेले. आणि ते बक्षीस म्हणजे एक जिवंत मुलगी. तिला कुणी काही विचारत नाही.

पुढच्या वर्षी हाच खेळ घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी आला. त्यात खेळणारा एकटाच बिली होतो, आणि सर्व गुंडांना हरवल्यावर त्यांचा खरा म्होरक्या समोर येतो. तो कोण? स्वतः जिमी, सख्खा भाऊ.

हे सारे कुणी धर्मशास्त्र म्हणून रचले नव्हते. यंत्रात आणखी एक नाणे पडावे आणि शेवट चटकदार व्हावा एवढाच विचार असेल. तरीही बायबल वाचणाऱ्याला उत्पत्तीच्या पुस्तकातला चौथा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. काईन आणि हाबेल यांच्यातही बाहेरचा कुणी शत्रू नव्हता. दोघे आपापले अर्पण घेऊन आले होते. काईनचा चेहरा उतरला तेव्हाच देवाने त्याला सावध केले होते, की पाप दाराशी दबा धरून आहे आणि त्याने त्यावर प्रभुत्व मिळवायला हवे. याकोब आणि एसाव, योसेफ आणि त्याचे भाऊ: पवित्र शास्त्र पुन्हा पुन्हा तिथेच येते. भावाचा हेवा बाहेरून येत नाही. तो एकाच ताटात जेवतो.

आता चित्रपटाने या शेवटाचे काय केले ते पाहा. मुलांसाठीच्या चित्रपटात भाऊ भावाला मुलीसाठी मारतो असे कसे दाखवणार? त्यांनी ते वगळले, आणि ठीकच केले. मॅरियनला तर त्यांनी बरीच चांगली वागणूक दिली. खेळातली खांद्यावर टाकून नेलेली मुलगी इथे स्वतः दलाची पुढारी झाली. पण भावाभावांची झुंज त्यांना सोडवेना. ती हवीच होती, कारण खेळ खेळलेली मुले तिची वाट पाहणार. मग युक्ती निघाली. शुको जिमीच्या शरीरात शिरतो आणि जिमीच्या हातांनी बिलीवर वार करतो. झुंज होते, अपराध मात्र कुणाचाच नाही. जिमी निर्दोष, बिली निर्दोष. शुको प्रकाश सहन करू शकत नाही. उजेड पडतो, तो जिमीला सोडतो, आणि भाऊ पुन्हा भाऊ.

मुलांना काय सांगणे अधिक खरे? खेळ सांगतो: सावध राहा, तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या भावावर हात टाकण्याची इच्छा तुझ्यातच आहे. चित्रपट सांगतो: तुझा भाऊ वाईट वागला तर समज, त्याच्यात दुसरेच कुणी शिरले आहे. पहिले सांगणे क्रूर आहे. दुसरे सांगणे दिलासा देणारे आहे, आणि त्यात क्षमेची सोय आहे. ‘तो तसा नाही, त्याच्या अंगात राग शिरला होता’ असे म्हणून कित्येक घरे पुन्हा जोडली जातात. दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्याविषयी बायका असेच बोलतात, आणि त्यात काही प्रमाणात सत्यही असते.

परंतु क्षमेसाठी आधी अपराध कबूल व्हावा लागतो. ज्याच्या अंगात दुसराच शिरला होता, त्याला क्षमा कसली करणार? त्याने काही केलेच नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे की, या एका बाबतीत नाण्याचे ते यंत्र चित्रपटापेक्षा प्रामाणिक होते. त्याने आपल्या खेळाडूला सबब दिली नाही. बटणावर बोट खेळाडूचेच होते.

इथे कुणी मध्येच विचारील, फादर लोक आणि मास्तर लोक नेहमी सांगतात की असले खेळ मुलांना हिंसक बनवतात, त्याचे काय? त्याचे थोडक्यात उत्तर देऊन पुढे जातो. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये याच प्रश्नावर सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये तिथल्या उद्योगाने खेळांना वयानुसार श्रेणी देणारे मंडळ स्थापन केले. कॅलिफोर्निया राज्याने मुलांना हिंसक खेळ विकण्यास बंदी घालणारा कायदा केला, तो २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. २०२० मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेने ठरावाद्वारे सांगितले की, ओरडणे, ढकलणे अशा आक्रमकतेशी या खेळांचा थोडा संबंध दिसतो. खरोखरच्या हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडायला मात्र पुरेसा पुरावा नाही. तेव्हा घाबरवणारी भाषणे जपून करावीत. खोटी भीती घातली की मुले खरी गोष्टही ऐकेनाशी होतात. शिवाय ‘मारामारी पाहून मुलगा मारामारी करील का’ एवढाच प्रश्न धरून बसलो, तर पडद्यावर मारामारी नसताना जे शिकवले जाते त्याकडे आपले लक्षच जात नाही.

‘डबल ड्रॅगन’चा शेवट नेमका तसा आहे. त्यात एकही ठोसा नाही.

पदकाचे दोन्ही तुकडे भावांना मिळतात. सातोरीचा आत्मा येऊन त्यांचे कौतुक करतो. शुको आता दुबळा झाला आहे. त्याला मारून टाकता आले असते, पण मुले तसे करत नाहीत. भावांपैकी एक जण शुकोच्या शरीरात शिरतो. त्याला वेडेवाकडे नाचवतो, त्याच्याच हाताने पोलीस खात्याच्या नावे भल्यामोठ्या रकमेचा धनादेश लिहून त्यावर सही करवतो, आणि मग त्याला अटक होते. हसत हसत चित्रपट संपतो.

क्षणभर थांबून विचार करा. शुकोचा मुख्य अपराध कोणता होता? त्याने दुसऱ्याचा देह आणि मन बळकावले, माणसाला हातमोजासारखे वापरले. त्याला वाईट ठरवण्याचे जे कारण, तेच शेवटी चांगल्यांनी विनोद म्हणून केले. फरक एवढाच, की रक्कम चांगल्या कामाला गेली.

या शेवटाच्या बाजूने बरेच बोलता येईल, आणि ते बोलले पाहिजे. रक्त सांडले नाही. लुटीचा पैसा लोकांच्या उपयोगी पडला. खलनायकाची फजिती हा मुलांच्या गोष्टीतला जुना, निर्मळ आनंद आहे. आपल्या चातुर्यकथांमध्येही लबाडाला त्याच्याच जाळ्यात अडकवतात. आणि अटक तरी काय वेगळी? तिथेही माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याचा देह धरून नेतातच की!

मला वाटते, फरक इथेच आहे आणि तो मोठा आहे. बेड्या हाताला पडतात. आत बसलेला माणूस मोकळा राहतो. तो नाकारू शकतो, खोटे बोलू शकतो, वकील लावू शकतो, कबूल करू शकतो, आणि एखाद्या रात्री कोठडीत खरोखर रडूही शकतो. तुरुंगात गेलेल्या माणसाला पश्चात्ताप करता येतो, कारण त्याचे ‘मी’पण त्याच्याजवळच असते. ज्याच्या आत दुसरा शिरून सही करतो, त्याच्याजवळ पश्चात्ताप करायला काहीच उरत नाही. ती सही त्याची नव्हेच. चांगले साधण्यासाठी वाईट करू नये, हे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावले आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनीही अठराव्या शतकात वेगळ्या मार्गाने तेच सांगितले की, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. त्यांनी यात दुष्ट माणसाचा अपवाद केलेला नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय आठवा. तोही धनाढ्य होता, त्याचीही कमाई लोकांना लुबाडून झालेली होती. प्रभू येशूने त्याच्यावर सक्ती केली असती तर कुणी ‘का’ म्हणून विचारले नसते. यरीहोच्या लोकांना तर आनंदच झाला असता. पण प्रभू त्याच्या अंगात शिरला नाही, घरात शिरला. जेवायला बसला. आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट, हे जक्कय स्वतःच्या तोंडाने उभे राहून बोलला. रक्कम कदाचित शुकोच्या धनादेशाहून लहान असेल. पण खाली सही जक्कयची होती.

हे सगळे एका जुन्या, विसरलेल्या चित्रपटासाठी फारच झाले, असे वाटेल. मला मात्र त्यात आपली रोजची घरे दिसतात. दोन भावंडे भांडतात. आई थोरल्याचा दंड धरून त्याला धाकट्यासमोर उभा करते: ‘सॉरी म्हण!’ तो जमिनीकडे पाहत ‘सॉरी’ म्हणतो. कुणाचा तो शब्द? शाळेत माफीचे पत्र लिहून घेतात. मजकूर फळ्यावर लिहिलेला असतो, खाली मुलाची आणि पालकाची सही. मुलगा कोणत्या शाखेला जाणार याचा अर्ज बाप भरतो, सही करायला मुलाला बोलावतो. आपल्या हेतूंविषयी शंका नाही. सगळे त्याच्या भल्यासाठीच. शेवटी त्या भावांचाही हेतू वाईट कुठे होता?

लहान मुलाला वळण लावताना थोडी सक्ती लागतेच, हे मी नाकारत नाही. रस्त्यावर धावत सुटलेल्या पोराचा हात आधी पकडावा, चर्चा नंतर करावी. तीन वर्षांच्या मुलाला ‘थँक्यू’ म्हणायला शिकवताना तो शब्द आधी ओठांवर येतो, मनात पुष्कळ उशिरा उतरतो, आणि त्यात दोष नाही. प्रार्थनाही आपण अशाच शिकलो. पण कुठेतरी एक वय येते, बहुधा आपल्या कल्पनेपेक्षा लवकर, जेव्हा मुलाच्या जिभेवर आपला शब्द ठेवणे हे शिकवणे राहत नाही. ते वय नेमके कोणते, याचे कोष्टक माझ्याजवळ नाही. प्रत्येक घराला ते चाचपडत शोधावे लागते.

दृढीकरणाच्या तयारीला बसलेल्या मुलांना मी एकदा हा शेवट सांगितला आणि विचारले, भावांनी केले ते बरोबर होते का? बहुतेकांनी ‘बरोबर’ म्हणून हात वर केले. एक मुलगा म्हणाला, ‘त्याने इतक्या लोकांना त्रास दिला, मग नाचवले तर काय झाले?’ मी जक्कयची गोष्ट काढली. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, ‘पण सर, शुकोने आपणहून सही केलीच नसती. मग?’

मी म्हणालो, कदाचित केली नसती.

‘मग पैसे मिळालेच नसते,’ ती म्हणाली.

‘नसते मिळाले.’

वर्गात गडबड उडाली. पहिला मुलगा विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहू लागला. दुसरा कुणी म्हणाला की त्याला तुरुंगात तरी घालायलाच हवे होते, त्यावर सर्वांचे एकमत झाले. त्या मुलीचे समाधान झालेले दिसले नाही. वर्ग सुटला, तरी ती शेजारणीशी त्याच विषयावर वाद घालत पायऱ्या उतरत होती.